न्यायालयात बोललेला नकाशा

विद्यार्थी मित्रांनो, एक कोरा कागद घ्या आणि त्यावर पट्टीने एक चौरस काढा. आता त्याच चौरसाच्या आत, पेन्सिल न उचलता, कुठे आत वळत, कुठे बाहेर येत, कुठे तिरपे जात अशी २८ बाजूंची एक बंद आकृती काढा. बाजू मोजत मोजत काढा. चार-पाच मिनिटे तरी लागतील, आणि तयार होईल ती आकृती कशासारखी आहे हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

अशीच एक आकृती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालपत्राला जोडलेली आहे. बाहेर एक चौरस आणि त्याच्या आत २८ बाजूंची वेडीवाकडी आकृती. दोन्ही एकाच शहराच्या सीमा आहेत. चौरस ही कायदा होण्यापूर्वीची सीमा आणि आतली आकृती ही कायदा झाल्यानंतरची. शेकडो लोकांचा मताचा हक्क या दोन आकृत्यांमधल्या फरकावर अवलंबून होता.

भूगोलाच्या तासाला आपण नकाशा वाचायला शिकतो. भूमितीच्या तासाला क्षेत्रफळ आणि परिमिती काढायला शिकतो. पण नकाशा हा न्यायालयात युक्तिवादही करू शकतो, हे सहसा आपल्या मनात येत नाही. तो कसा करतो, त्याची ताकद कशात असते आणि त्याच्यावर विश्वास कधी ठेवावा, हे आज आपण पाहू या.

कार्व्हरचे गाव

या शहराचे नाव टस्कीगी. ते अमेरिकेच्या दक्षिण भागातील अलाबामा राज्यात आहे. मराठी वाचकाला हे नाव अगदीच अपरिचित नाही. वीणा गवाणकर यांचे १९८१ साली प्रसिद्ध झालेले 'एक होता कार्व्हर' हे पुस्तक तुमच्यापैकी अनेकांनी वाचले असेल. गुलामीत जन्मलेला आणि पुढे मोठा कृषिशास्त्रज्ञ झालेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ साली ज्या संस्थेत शिकवायला आला, ती टस्कीगी संस्था याच गावची. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ साली कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी तिचा पाया घातला. कार्व्हर १९४३ साली मरण पावला तोपर्यंत तो याच संस्थेत होता.

या संस्थेमुळे टस्कीगीत सुशिक्षित कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती होती. प्राध्यापक, शिक्षक, डॉक्टर, कारागीर असे अनेक लोक तेथे राहत. शहराच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय बहुसंख्य होते. पण मतदारयादीत चित्र उलटे होते. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या १५ व्या दुरुस्तीने १८७० सालीच सांगून ठेवले होते की, वंश किंवा वर्ण यांच्या कारणावरून कोणाचाही मताचा हक्क नाकारता येणार नाही. तरीही दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांना यादीत नाव नोंदवणे मुद्दाम कठीण केले जात असे. तरी चिकाटीने प्रयत्न करून १९५७ पर्यंत टस्कीगीत सुमारे ४०० कृष्णवर्णीय मतदार झाले होते. गोरे मतदार होते सुमारे ६००.

चारशे आणि सहाशे. ही संख्या वाढत गेली तर एक दिवस शहराचा कारभार कोणाच्या हाती जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मतदार न हलवता सीमा हलली

१९५७ साली अलाबामा राज्याच्या विधिमंडळाने 'कायदा क्रमांक १४०' संमत केला. या कायद्यात कोणाच्याही वर्णाचा उल्लेख नव्हता. मताच्या हक्काचा उल्लेख नव्हता. टस्कीगी शहराच्या नव्या सीमा कोणत्या, एवढेच त्यात सांगितले होते.

जमिनीच्या सीमा शब्दांत कशा सांगतात हे तुम्ही एखाद्या खरेदीखतात पाहिले असेल. अमुक खुणेपासून उत्तरेस इतके फूट, तेथून पूर्वेस वळून इतके फूट, तेथून अमुक रस्त्याच्या कडेने पुढे, असे ते वर्णन असते. वाचणाऱ्याला दोन ओळींनंतर झोप येते. २८ बाजूंचे असे वर्णन कितीही लक्ष देऊन वाचले तरी डोळ्यांसमोर चित्र उभे राहणे कठीणच.

आता परिणाम पाहा. पूर्वीचे चौरस शहर जाऊन आतले वेडेवाकडे शहर उरले. सुमारे ४०० कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच जण सोडून बाकी सगळे शहराच्या बाहेर पडले. गोऱ्यांपैकी मात्र एकही मतदार बाहेर गेला नाही. मतदारच काय, एक रहिवासीही गेला नाही. कोणीही आपले घर सोडले नव्हते. रात्री शहरात झोपलेली माणसे जणू सकाळी शहराबाहेर जागी झाली. शहराच्या निवडणुकीत मत देण्याचा त्यांचा हक्क गेला आणि शहराकडून मिळणाऱ्या सोयींवरचा दावाही गेला.

टस्कीगीच्या लोकांनी गोऱ्यांच्या दुकानांतून खरेदी करणे थांबवले. टस्कीगी संस्थेत समाजशास्त्र शिकवणारे प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन हे या चळवळीचे पुढारी होते. ते आणि त्यांचे सहकारी न्यायालयात गेले. शहराचे महापौर लाइटफूट हे प्रतिवादी झाले. म्हणून हा खटला 'गोमिलियन विरुद्ध लाइटफूट' या नावाने ओळखला जातो.

न्यायालयापुढची अडचण

तुम्हाला वाटेल की, इतका उघड अन्याय म्हटल्यावर निकाल एका दिवसात लागला असेल. तसे झाले नाही. अलाबामा राज्याची बाजू वरवर पाहता भक्कम होती. शहरे ही राज्याने निर्माण केलेली असतात. त्यांच्या सीमा वाढवणे, घटवणे हा राज्याचा अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेच १९०७ सालच्या एका निकालात म्हटले होते. शिवाय १९४६ साली मतदारसंघांच्या एका खटल्यात न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी इशारा दिला होता की, न्यायालयांनी राजकारणाच्या या काटेरी झुडपात शिरू नये.

त्यामुळे १९५८ साली पहिल्या न्यायालयाने, आपल्याला यात हात घालता येत नाही, असे म्हणून दावा फेटाळला. १९५९ साली अपिलातही दोन विरुद्ध एक अशा मतांनी तोच निर्णय कायम राहिला. एकही साक्षीदार तपासला गेला नव्हता. म्हणजे सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न होता तो असा: वादींचे म्हणणे खरे मानले, तर न्यायालयाने त्यात लक्ष घालावे की नाही?

मित्रांनो, हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण नकाशाचे महत्त्व येथेच आहे. साक्षीपुरावा झालेला नसताना, केवळ कायद्याच्या शब्दांवरून, हा कायदा साधा सीमाबदल नाही हे न्यायमूर्तींना पटवायचे होते. कायद्याचे शब्द तर निर्दोष होते. मग पटवायचे कसे?

नकाशा उभा राहिला

१९६० सालच्या ऑक्टोबर महिन्यात सुनावणी झाली. वादींच्या वकिलांपैकी एक होते फ्रेड ग्रे. वय अवघे २९ वर्षे. १९५५ साली माँटगोमेरी शहरात बसमधील जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांचे वकील हेच. ग्रे यांनी जुन्या आणि नव्या सीमा दाखवणारा मोठा नकाशा न्यायमूर्तींसमोर उभा केला.

या प्रसंगाची हकीकत ग्रे यांनी पुढे आपल्या आठवणींत सांगितली आहे. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी नकाशाकडे पाहून विचारले की, यात टस्कीगी संस्था कोठे आहे? ग्रे यांनी उत्तर दिले की, ती नव्या सीमेच्या आत नाही. न्यायमूर्तींना आश्चर्य वाटले. ज्या संस्थेमुळे जग या शहराला ओळखते, ती संस्थाच शहरात नाही! काटेरी झुडपात शिरू नये असे सांगणारे हेच ते न्यायमूर्ती, हे लक्षात घ्या.

१४ नोव्हेंबर १९६० रोजी निकाल लागला. सर्व न्यायमूर्ती एकमताचे होते आणि निकालपत्र लिहिले होते फ्रँकफर्टर यांनीच. शहराचा आकार चौरसाचा बदलून २८ बाजूंची बेढब आकृती करण्यात आली आहे, असे त्यांनी त्यात नमूद केले आणि निकालाच्या शेवटी तो नकाशाच जोडून दिला. राज्याला सीमा ठरवण्याचा अधिकार आहे हे खरे, पण तो घटनेने दिलेला हक्क हिरावून घेण्यासाठी वापरला तर न्यायालय डोळे मिटून बसणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत गेले. १९६१ साली तेथे हा कायदा घटनाबाह्य ठरला आणि टस्कीगीला आपला चौरस परत मिळाला.

नकाशाने काय केले?

नकाशातली प्रत्येक गोष्ट कायद्यात शब्दांनी लिहिलेली होतीच. त्यात नवीन माहिती एका अक्षराचीही नव्हती. मग फरक कशाने पडला?

पहिले कारण असे की, शब्द एकामागून एक येतात, चित्र मात्र एकाच वेळी दिसते. अठ्ठाविसावी बाजू वाचेपर्यंत पहिली विसरलेली असते. चित्रात अठ्ठावीसही बाजू एकदम डोळ्यांपुढे असतात.

दुसरे कारण तुलनेचे. जुनी आणि नवी सीमा दोन वेगळ्या कागदांवर काढली असती तर पाहणाऱ्याला एक आकृती मनात ठेवून दुसरी पाहावी लागली असती. येथे दोन्ही एकाच कागदावर, एकाच प्रमाणात, एकात एक काढलेल्या होत्या. काय होते आणि काय झाले, हे वेगळे सांगावेच लागले नाही.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. तो नकाशा पाहणाऱ्याला प्रश्न विचारायला लावतो. ही रेषा येथे आत का वळली? येथे बाहेर का आली? सोयीसाठी म्हणावे तर असा आकार कोणाच्या सोयीचा? उत्तर देण्याची जबाबदारी आपोआप रेषा काढणाऱ्यावर जाऊन पडते.

आकार वेडावाकडाच का होतो?

हे समजण्यासाठी एक प्रयोग करा. एका मोठ्या कागदावर १० सेंमी बाजूचा चौरस काढा. त्यात ४० काळे उडीद आणि ६० तांदळाचे दाणे ठेवा. एक दाणा म्हणजे १० मतदार समजा. उडीद एका कोपऱ्यात आणि तांदूळ दुसऱ्या कोपऱ्यात असतील तर एका सरळ रेषेने ते वेगळे करता येतील. पण घरे अशी नीट वाटलेली नसतात. म्हणून काही उडदांमध्ये तांदूळ आणि काही तांदळांमध्ये उडीद मिसळा. आता दोऱ्याची एक बंद कडी करून ती अशी मांडा की, तांदळाचा एकही दाणा बाहेर राहू नये आणि उडीद जवळजवळ सगळे बाहेर पडावेत.

दोरा या तांदळाला कवेत घ्यायला पुढे जातो, त्या उडदाला टाळायला मागे येतो. दाणे जितके मिसळलेले, तितका तो जास्त वळतो. म्हणजे वाकडेपणा हा निवडानिवड केल्याची खूण आहे.

हा वाकडेपणा मोजताही येतो. आपल्या चौरसाचे क्षेत्रफळ १०० चौ. सेंमी आणि परिमिती ४० सेंमी. आता त्याच्या कडांवर, कोपरे सोडून, १ सेंमी रुंद आणि ३ सेंमी खोल अशा सहा खाचा पाडा. वरच्या बाजूला दोन, खालच्या बाजूला दोन, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. खाचा एकमेकींना भिडू देऊ नका. प्रत्येक खाचेमुळे चार बाजू वाढतात. मूळ ४ आणि सहा चोक २४, म्हणजे एकूण २८ बाजू झाल्या! ही काही टस्कीगीची आकृती नव्हे, पण बाजूंची संख्या तीच आहे.

प्रत्येक खाचेने क्षेत्रफळ ३ चौ. सेंमीने कमी होते, म्हणून ते ८२ उरले. परिमिती मात्र प्रत्येक खाचेमागे ६ सेंमीने वाढते. ती ७६ झाली. क्षेत्र घटले आणि कुंपण जवळजवळ दुप्पट झाले. १९९१ साली पोल्सबी आणि पॉपर या दोन अभ्यासकांनी मतदारसंघांचा आकार तपासण्यासाठी एक सूत्र सुचवले. क्षेत्रफळाला ४π ने गुणायचे आणि परिमितीच्या वर्गाने भागायचे. वर्तुळासाठी उत्तर बरोबर १ येते. आपल्या चौरसासाठी ते सुमारे ०.७९ येते आणि खाचांच्या आकृतीसाठी सुमारे ०.१८. आकृती जितकी वेडीवाकडी, तितका हा आकडा शून्याकडे सरकतो.

वाकडी रेषा म्हणजे लबाडी नव्हे

पण थांबा. येथे एक चूक होण्याचा संभव आहे. वाकडी सीमा दिसली की, लबाडी झाली असे समजायचे का? मुळीच नाही. आपल्या कोकणच्या किनाऱ्याची रेषा पाहा. खाड्यांमुळे ती किती तुटक आणि वाकडी आहे! दोन गावांची शीव ओढ्याने ठरली असेल तर ती ओढ्याबरोबर वळणारच. उलट, अगदी सरळ रेषेनेही अन्याय करता येतो. आपल्या प्रयोगात सगळे उडीद एका बाजूला होते तेव्हा एका रेषेनेच काम भागले होते.

म्हणून टस्कीगीच्या खटल्यात नकाशा एकटा नव्हता. त्याच्या जोडीला आकडे होते. बाहेर गेलेले कृष्णवर्णीय मतदार जवळजवळ ४००, बाहेर गेलेले गोरे मतदार शून्य. हा योगायोग असू शकेल काय? समजा, १,००० मतदारांतून कोणाला बाहेर काढायचे हे डोळे मिटून ठरवले. दर वेळी कृष्णवर्णीय व्यक्ती निघण्याची संभाव्यता सुमारे १० त ४ एवढी. तर ओळीने १० जण कृष्णवर्णीयच निघण्याचा संभव सुमारे १०,००० त एकदा. ओळीने जवळजवळ ४०० जणांची तर गोष्टच सोडा! अर्थात माणसे दाण्यांसारखी विखुरलेली नसतात. ती वस्त्या करून राहतात. त्यामुळे हे गणित केवळ अंदाज देणारे आहे. तरीही आकार आणि आकडे दोन्ही एकाच दिशेने बोट दाखवू लागले की, योगायोग म्हणणे अवघड जाते.

नकाशाचीही उलटतपासणी

चित्र लवकर पटते, हा त्याचा गुण आहे आणि तोच धोकाही आहे. एक साधे उदाहरण घ्या. दोन शाळांचे निकाल ९६ टक्के आणि ९८ टक्के आहेत. स्तंभालेख काढताना उभा अक्ष शून्याऐवजी ९५ पासून सुरू केला, तर पहिला स्तंभ १ एकक उंच आणि दुसरा ३ एकके उंच दिसेल. आकडे खरे, पण डोळ्याला दुसरी शाळा तिप्पट चांगली वाटेल. न्यायालयात असे चित्र कोणी मांडले तर?

आपल्या देशातील कायद्याने याचा विचार फार पूर्वी केला आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात नकाशा हा दस्तऐवज मानला होता. त्याच्या ८३ व्या कलमात एक मार्मिक भेद होता. सरकारच्या अधिकाराने तयार झालेला नकाशा अचूक आहे, असे न्यायालय गृहीत धरील. पण जो नकाशा एखाद्या खटल्यासाठी म्हणून तयार केला असेल, तो अचूक असल्याचे सिद्ध करावे लागेल. त्या कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. हे तत्त्व मात्र त्यातही कायम आहे.

कारण उघड आहे. भांडण सुरू होण्यापूर्वी काढलेल्या नकाशाला कोणाचीच बाजू घ्यायची नसते. भांडणासाठी काढलेल्या नकाशाला बाजू असते. म्हणून तो कोणी काढला, केव्हा काढला, कशाने मोजला, प्रमाण काय धरले, उत्तर दिशा कोणती, हे विचारावेच लागते. पंचनाम्याबरोबर पोलीस घटनास्थळाचा कच्चा नकाशा काढतात. तो बहुधा प्रमाणात नसतो. त्यात दोन घरे जवळ काढली आहेत म्हणून ती खरोखरच जवळ आहेत असे म्हणता येत नाही. शेजारी लिहिलेले अंतर पाहावे लागते.

तेव्हा कोणतेही चित्र पुराव्यासाठी पुढे आले तर चार प्रश्न विचारायला शिका. प्रमाण सगळीकडे सारखे आहे का? तुलना ज्याच्याशी करायची ते त्याच कागदावर दाखवले आहे का? काय वगळले आहे? आणि चित्र जे सुचवते, त्याला आकड्यांचा आधार आहे का? टस्कीगीचा नकाशा या चारही प्रश्नांना उतरला. विशेषतः तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याने स्वतःच दिले. वगळले होते ते कार्व्हरचे विद्यालय आणि त्याच्या आसपासची शेकडो माणसे.

१९७२ साली टस्कीगीच्या मतदारांनी जॉनी फोर्ड या कृष्णवर्णीय गृहस्थांना महापौर म्हणून निवडून दिले. पूर्वीच्या चौरसात परत आलेल्यांच्या मतांचाही त्यात वाटा होता.

करून पाहा

१. वरील उडीद-तांदळाचा प्रयोग वर्गात दोन गटांनी करा. एका गटाने दाणे मिसळून मांडावेत आणि दुसऱ्याने दोरा टाकावा. दर वेळी दोऱ्याची लांबी मोजा. दाणे अधिक मिसळले तर लांबी कशी बदलते?

२. चौरसाच्या कडेवर खाच पाडण्याऐवजी कोपऱ्यातून १ सेंमीचा चौरस कापा. क्षेत्रफळ घटेल. परिमितीचे काय होते? बाजू किती वाढतात? उत्तर आधी मनात ठरवा आणि मग मोजा.

३. आपल्या तालुक्याचा नकाशा मिळवा. त्याची सीमा कोठे सरळ आणि कोठे वाकडी आहे ते पाहा. प्रत्येक वळणाचे कारण शोधा. नदी सापडेल, डोंगराची धार सापडेल. ज्या वळणाचे कारण सापडणार नाही, त्याच्याबद्दल आपल्या शिक्षकांना विचारा.